दुसरी हाक

गजर चार चाळीसचा लावलेला होता आणि कॅप्टन तीन वाजून दहा मिनिटांपासून जागा होता. गजर वाजू द्यायचा, मग हात लांबवून तो बंद करायचा आणि आत्ताच जाग आल्यासारखा सुस्कारा सोडायचा, हे त्याने कधी ठरवून केले नव्हते. पण गेली दोन-तीन वर्षे ते तसेच होत आले होते. शेजारी बायको कुशीवर वळली. तो उठला, न्हाणीघरातला दिवा लावला, दाढी केली. हनुवटीखाली जिथे केस उलटे उगवतात तिथे पाते दोनदा फिरवले. आंघोळ झाल्यावर कालच इस्त्री करून टांगलेला पांढरा शर्ट चढवला, खांद्यांवर चार-चार पट्ट्यांच्या फिती सरकवल्या, बुटांवरून फडके फिरवले. पाच वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. पाण्याला बुडबुडे फुटेपर्यंत दोन मिनिटे मिळतात. तेवढ्यात त्याने ओट्याखालचा खण उघडला, उलथनी आणि चाळण्या यांच्या मागे ठेवलेले तळहाताएवढे यंत्र काढले, त्याला प्लॅस्टिकची नळी बसवली आणि एका दमात, वर्षानुवर्षांच्या सरावाने, पाच सेकंद फुंकर घातली. काचेवर आकडे धावले आणि थांबले. शून्य, टिंब, शून्य, शून्य.

“आज किती?” बायकोने दारातून विचारले.

ती केसांना चाप लावत होती. दूध उतू गेलं का, बाहेर गार आहे का, हे ज्या आवाजात ती विचारत असे त्याच आवाजात तिने हे विचारले होते. त्यात टोमणा नव्हता, काळजी नव्हती, साधे कुतूहलही नव्हते.

“शून्य,” तो म्हणाला.

“बरं. आलं किसू का चहात? तुमचा घसा काल खवखवत होता.”

तिने आले किसले. तो नळी धुऊ लागला आणि धुता धुता त्याचा हात थांबला. पायरी संपली असे समजून पाऊल टाकावे आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसे काहीसे त्याला वाटले. पहिल्यांदा हे यंत्र त्याने मोज्यांच्या खणात दडवले होते. तिला ते सापडले तेव्हा एक पूर्ण दिवस ती बोलली नव्हती. मग तो म्हणाला होता, ‘अगं, सगळेच ठेवतात. खबरदारी म्हणून.’ पुढे स्वयंपाकघरात उजेड बरा म्हणून यंत्र तिथे आले, चाळण्यांच्या शेजारी नांदू लागले. लपवायला काही उरले नाही म्हणजे गोष्ट मिटली, अशी त्याची समजूत होती. ती मिटली नव्हती. ती घरात रुळली होती. बायकोने त्याच्या श्वासाचे मोजमाप घरकामाच्या यादीत सामावून घेतले होते, आणि तेही इतक्या मायेने, की त्याला तिच्याकडे बघवेना.

कंपनीची गाडी साडेपाचला आली. मागच्या सीटवर डोके टेकून तो रिकाम्या रस्त्यावरचे दिवे मोजू लागला आणि मग दिवे सोडून तास मोजू लागला, कारण मोजणे हा त्याचा स्वभावच होऊन बसला होता. काल संध्याकाळी पहिला पेला पावणेसहाला. तिसरा संपला तेव्हा साडेसात. हजेरी साडेसहाला, म्हणजे मध्ये अकरा तास. नियमाने सांगितलेल्या तासांच्या वर एक तास राखीव. इंधन भरताना वैमानिक असेच मांडतो: जायला इतके, वाऱ्यासाठी इतके, दुसऱ्या विमानतळाकडे वळावे लागले तर इतके, आणि शिवाय अर्ध्या तासाचे शिलकीत. या शिस्तीचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता. दारुडे बेहिशेबी पितात, तो घड्याळ लावून पीत होता. उड्डाण सकाळचे असेल तर संध्याकाळी, दुपारचे असेल तर रात्री जेवणाआधी, आणि सलग दोन दिवस सुट्टी असेल तर पहिल्या दिवशी मोकळेपणाने. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत एकदाही यंत्राने त्याला अडवले नव्हते. पण पिणे आपल्याला आवडते का, हा प्रश्न मात्र त्याने बऱ्याच दिवसांत स्वतःला विचारला नव्हता, आणि आता गाडीत विचारला तर उत्तर सापडेना. चव आठवेना. फक्त तास आठवत होते.

सुरुवात झोपेपासून झाली होती. तीन पहाटेची उड्डाणे, मग दोन मध्यरात्रीनंतर उतरणारी, मध्ये एक दिवस, पुन्हा पहाट. शरीराला कुठला दिवस चालू आहे हेच कळेनासे होते. दुपारी चारला पडदे ओढून आडवे व्हायचे आणि झोपेला हाका मारायच्या. ती मांजरासारखी, बोलावले की येत नाही. कोणीतरी म्हणाले, एक छोटा पेला, औषध म्हणून. औषध लागू पडले. वर्षभराने एकाचे दोन झाले, आणखी वर्षाने तीन, आणि मग झोप यायची ती तीन वाजून दहा मिनिटांपर्यंतच टिकू लागली. पहाटेच्या त्या दीड तासात तो छताकडे पाहत पडून राही. त्याला ठाऊक होते की ही झोप नव्हे, झोपेचे सोंग आहे. पण पाच वाजता यंत्र शून्य दाखवी, आणि शून्य दाखवले की त्या दीड तासाचे काय करायचे हा प्रश्नच उरत नसे.

बायको एका दवाखान्यात लहान मुलांच्या कानांची तपासणी करते. काचेच्या खोलीत मूल बसवायचे, कानांवर पट्टा लावायचा, बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की मुलाने बटण दाबायचे. एकदा जेवताना ती म्हणाली होती, “काही पोरं फसवतात हो. आवाज सोडलेलाच नसतो तरी बटण दाबतात. खोडसाळपणा नसतो तो. त्यांना पास व्हायचं असतं. आईबाप काचेतून बघत असतात ना.” तो हसला होता आणि भाजी वाढून घेतली होती. आज, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, ते न पाहिलेले मूल त्याच्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहिले: ताठ बसलेले, अंगठा बटणावर, कानात काहीही नाही, आणि चेहऱ्यावर हुशारी.

मग कालचे आठवणे त्याला टाळता येईना.

काल दुपारची तिसरी फेरी. स्वच्छ हवा, समोर धावपट्टी, विमान त्याच्या हातात. शेजारी सहवैमानिक, एकतीस वर्षांची, चार वर्षांपूर्वी त्यानेच शिकवलेली मुलगी. उतरताना ती ठरावीक उंचीला हाक देते आणि चालवणाऱ्याने लगेच उत्तर द्यायचे असते. “एक हजार,” ती म्हणाली. मग पुन्हा, थोडे वर, “सर, एक हजार!” आणि तो म्हणाला, “एक हजार, स्थिर.” मधे चार सेकंद गेले असतील. चाके अलगद टेकली, प्रवासी उतरले, एका आजोबांनी दारात त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. नियम असा की पहिल्या हाकेला उत्तर आले नाही तर दुसरी मारायची. दुसरीलाही आले नाही तर न विचारता विमान आपल्या हातात घ्यायचे. त्याने दुसरीला उत्तर दिले होते. नियम कुठेही मोडला नव्हता. पण त्या चार सेकंदांत विमान चार मजले खाली आले होते, आणि त्या चार मजल्यांपैकी एकही त्याला आठवत नव्हता. डोळे उघडे होते. धावपट्टी दिसत होती. ती पाहणारा तेवढा जागेवर नव्हता.

त्याला घडवणारा एक म्हातारा कॅप्टन होता, सदा अडकित्त्यासारखे तोंड करून बसणारा. तो म्हणायचा, “पाय थकले की पाय सांगतात. डोकं थकलं की सांगायचं कोणी? तेच साक्षीदार आणि तेच आरोपी. विचारलं तर म्हणणार, मी एकदम ठणठणीत.” तेव्हा सगळी पोरे हसली होती. म्हातारा हसला नव्हता.

विमानतळावरच्या कार्यालयात दिवे पांढरेफटक होते. तपासणीच्या टेबलाशी श्वास मोजणारा बसला होता. त्याला सगळे फुंकर मास्तर म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

“या साहेब. जोरात फुंका. वाढदिवसाचा केक समजा.”

“तुझ्याकडे रोजच वाढदिवस, मास्तर.”

“म्हणून तर तुमचं वय वाढतंय. हं. शून्य शून्य. तुमच्यासारखी गिऱ्हाईकं असली तर माझी नोकरी जायची एक दिवस.”

गेल्या वर्षी याच टेबलाशी ‘ढोल’ अडकला होता. कॅप्टनचाच सोबती, मोठ्या हसण्यामुळे पडलेले नाव. आकडा किरकोळ होता, पण आकडा होता. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये ढोलबद्दल लोक भूतकाळात बोलू लागले: ‘विमान उतरवायचा काय सुंदर!’ माणूस दोन गल्ल्यांपलीकडे धडधाकट राहत होता, सकाळी कुत्रा फिरवत होता. कॅप्टन त्याला भेटायला एकदाही गेला नव्हता. रस्त्यात दिसला तेव्हा फोन कानाला लावून पुढे गेला होता. त्याला नोकरीची भीती होतीच. पण त्याहून अधिक भीती या भूतकाळाची होती. विमान सोडून त्याला दुसरे काही येत नव्हते. सुट्टीच्या दिवशी तो घरात पाहुण्यासारखा वावरे, कुठल्या खोलीत बसावे हे न कळून. त्या चार पट्ट्या काढल्यावर खाली कोण असेल, याची त्याला नीटशी कल्पना नव्हती.

सहवैमानिक आधीच पलीकडच्या टेबलाशी बसून नकाशे चाळत होती. आजही तीच होती. चार फेऱ्या, संध्याकाळपर्यंत.

“काय बाईसाहेब, हवा काय म्हणते?”

“हवा शहाणी आहे सर. दुसऱ्या फेरीला थोडे ढग, बाकी काही नाही.” तिने एक कागद त्याच्याकडे सरकवला. रोजचाच कागद. ‘मी उड्डाणास योग्य आहे’ या ओळीखाली दोघांनी सही करायची. तिची झाली होती.

त्याने पेन उघडले. श्वास शून्य. ताप नाही. कागदावर कुठेही, काल तुम्ही चार सेकंद कुठे होता, असे विचारलेले नव्हते.

“काल,” तो म्हणाला.

“काल काय, सर?”

“दुसऱ्या हाकेच्या वेळी तुझा हात कुठे होता?”

ती नकाशाच्या घडीवरून नख फिरवत राहिली. मग म्हणाली, “सुकाणूवर.”

“मला दिसला नाही.”

“दिसू नये असाच ठेवला होता.”

“आणि मी बोललो नसतो तर?”

“तर काय? तुम्हीच शिकवलंय. दोन हाका, मग हात. तिसरी हाक मारणारा भजनी मंडळात जावा, असं म्हणाला होतात वर्गात. आम्ही केवढे हसलो होतो.”

“रिपोर्ट लिहिलास?”

“अर्धा.” तिने फोन उलटा ठेवला. “तिथंच अडले. पुढं काय लिहू सर? कॅप्टनने दुसऱ्या हाकेला उत्तर दिले? हा काय गुन्हा झाला? वाचणारा म्हणेल, मुलगी नवी आहे, घाबरट आहे.” ती थांबली आणि मग, आवाज उतरवून, जणू स्वतःचीच चूक कबूल करत असल्यासारखी म्हणाली, “म्हणून आज घरून निघताना ठरवलं, की पहिलीच हाक मोठ्यानं मारायची. म्हणजे प्रश्नच नको.”

तिच्या आवाजातही टोमणा नव्हता. स्वयंपाकघरातल्या त्या आवाजाचा तो जणू सख्खा भाऊ होता. कॅप्टनला एकदम दिसले की आपल्या भोवतालची माणसे आपल्याला सांभाळून घेण्यात तरबेज होत चालली आहेत. एकीने आले किसले, दुसरीने आवाज चढवायचे ठरवले, मास्तरने विनोद केला. जो तो आपापल्या जागी एकेक बोट सरकला होता, प्रेमाने, आदराने, नकळत. आणि त्या सगळ्या सरकण्यातून त्याच्यासाठी एक ऐसपैस जागा तयार झाली होती, जिच्यात तो आणखी कितीतरी वर्षे शून्य दाखवत बसू शकला असता. त्याला कोणीही पकडणार नव्हते. आजवर त्याने याला सुटका मानले होते. आता त्याला कळले की पकडले न जाण्याची व्यवस्था इतकी पक्की असेल, तर ती मोडायला घरचाच माणूस लागतो. आणि या घरचा माणूस तो एकटाच होता.

त्याने पेनाला टोपण लावले.

“तो रिपोर्ट पूर्ण कर,” तो म्हणाला. “जसं झालं तसं. चार सेकंद लिही. आणि पाठव.”

“सर, मला तुमचं वाईट—”

“माहीत आहे मला. वाईट करायचं असतं तर कालच पाठवला असतास. माझा मी वेगळा लिहितो. आणि हे बघ, आवाज आहे तेवढाच ठेव. पहिली हाक साध्या आवाजात ऐकू आली पाहिजे. ज्याला येत नाही त्यानं त्या खुर्चीत बसायचं नाही.”

तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते लपवायला ती पुन्हा ढगांचा नकाशा उलगडू लागली, आणि उलटा उलगडला.

ड्यूटी मॅनेजर दोन फोन दोन कानांना लावून बसला होता. कॅप्टनने राखीव कॅप्टनला बोलवायला सांगितले तेव्हा त्याने दोन्ही ठेवले.

“काय झालं साहेब? चेहरा तर बरा दिसतोय. पोट का? पोट लिहितो. पोटाला कोणी काही विचारत नाही.”

“पोट नको लिहूस.”

“मग ताप?”

“थकवा लिही. आणि खाली लिही, स्वतःहून डॉक्टरांकडे गेले.”

मॅनेजरचा हात कळफलकावर तसाच राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या भिंतीवर सगळ्यांच्या मुलांचे फोटो होते. “साहेब, पाच मिनिटं घ्या,” तो हळू आवाजात म्हणाला. “चहा घ्या. थकव्याला चार कागद लागतात, ते मी भरतो. पण डॉक्टरचं एकदा लिहिलं की ते पुसता येत नाही. पोट म्हणा, घरी जा, झोप काढा. उद्या आहेच की.”

उद्या. हा शब्द कॅप्टनला मोहात पाडून गेला, हे खोटे नाही. उद्यापासून दोनच पेले. उद्यापासून साडेसहाच्या आत. त्याचे मन लगेच मांडणी करू लागले, आणि ती मांडणी इतकी नेटकी, इतकी ओळखीची होती की त्यामुळेच तो सावध झाला.

“लिही,” तो म्हणाला. “मी बघतो तू लिहिताना.”

मॅनेजरने लिहिले.

डॉक्टरांची खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिकडे जायला प्रवाशांच्या दालनातून जावे लागे. उशिराची घोषणा झालेली होती. खुर्च्यांवरची माणसे चुळबुळत होती. एक गृहस्थ मनगटावरचे घड्याळ आख्ख्या रांगेला दाखवत म्हणत होते, “कारण सांगतात का बघा! पायलट झोपला असेल घरी, दुसरं काय!” शेजारची बाई विणकामातून मान वर न करता म्हणाली, “झोपू दे की मग. पुरती झोप काढूनच येऊ दे. मला काही अर्धवट झोपलेला नकोय.” मग त्यांना टोपी काखेत धरलेला कॅप्टन दिसला आणि गृहस्थांचे घड्याळ बाहीत गेले.

“पन्नास मिनिटं लागतील,” कॅप्टन म्हणाला. “ताजा माणूस येतोय.”

त्याला हसू आले, आणि हसू आल्याचेच नवल वाटले.

डॉक्टर खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. “तुमची तपासणी पुढच्या महिन्यात ना, कॅप्टन?”

“हो. आज दुसऱ्या कामासाठी आलोय.”

“यंत्रावर काय आलं?”

“शून्य. रोज शून्यच येतं, डॉक्टर. ते आणण्यासाठीच सगळा दिवस मांडलेला असतो.”

डॉक्टरांनी चष्मा घातला, दार लावले आणि टेबलामागे न बसता समोरची खुर्ची ओढून बसले. रोज का, त्यांनी विचारले. रोज, तो म्हणाला. किती वर्षे? चार. नाही, पाच. झोपेसाठी? सुरुवातीला झोपेसाठी. तो बोलत गेला. तीन वाजून दहा मिनिटे, चाळण्यांमागचे यंत्र, चार सेकंद, चार मजले, आणि ढोल रस्त्यात दिसला तेव्हा कानाला लावलेला मुका फोन, तेही.

“आता ऐका,” डॉक्टर म्हणाले. “आजपासून तुम्ही उडणार नाही. सहा महिने तरी. कदाचित वर्ष. इलाज आहे, त्याला वेळ लागतो, तो कंटाळवाणा आहे. परत खुर्चीत बसाल याची हमी मी देत नाही. पण पकडलेल्याची वाट वेगळी आणि चालत आलेल्याची वेगळी. चालत आलेले दोघं मी पाहिलेत. दोघंही आज उडतायत. तुमच्या रोजच्या ओळखीचे आहेत.”

“कोण?”

“तुम्हाला कळलं नाही, हेच बरं आहे.” ते पहिल्यांदा हसले. “अर्जावर घरच्या एका माणसाचं नाव लागतं. त्यांना आधी सांगा.”

त्याने तिथूनच फोन लावला. बायको दवाखान्यात पोचली होती; मागे एक मूल किरकिरत होते. त्याने चार वाक्यांत सांगितले. पलीकडून मुलाची किरकिर तेवढी ऐकू येत राहिली.

“अगं?”

“आहे मी,” ती म्हणाली. आवाज ओला होता, पण तो पुष्कळ वर्षांपूर्वीचा, खरा चिडणारा, खरा काळजी करणारा आवाज होता. “पाच वर्षं हो! पाच वर्षं मी रोज... जाऊ दे. घरी आल्यावर भांडू. माझं नाव नीट लिहा. फोन नंबर चुकवाल, नेहमी शेवटचे दोन आकडे उलटे लिहिता.”

त्याने अर्ज पुढे ओढला. तिचे नाव लिहिले, नंबर लिहिला, शेवटचे दोन आकडे पुन्हा तपासले. ‘कारण’ या रकान्यात त्याने ‘थकवा’ लिहिले, मग स्वल्पविराम देऊन ‘मद्य’ असा शब्द लिहिला. तो त्याच्याच हस्ताक्षरात होता आणि दिसायला अगदी साधा होता. वेळ घातली, सात बावन्न, सही केली आणि कागद डॉक्टरांच्या हातात दिला.

“गाडी यायला तासभर लागेल,” डॉक्टर म्हणाले. “आत तपासणीची खाट आहे. झोप येईलच असं नाही.”

“चालेल,” कॅप्टन म्हणाला. तो आत गेला, खांद्यांवरच्या फिती काढून शर्टाच्या खिशात ठेवल्या, बूट सोडले, खाटेखाली जोडीने लावले आणि घड्याळाकडे न बघता आडवा झाला.